बायनाबाई पॉझिटिव्ह आहे

भाकरी ताटात पडली आणि पहिल्याच घासाला मला कळलं, की हा हात बायनाबाईचा नाही. कडा जाड, मध्ये कच्ची, पापुद्रा सुटलेला नाही. करणारीनं घाईनं थापली होती आणि भीतभीत भाजली होती. मुलींच्या एका वसतिगृहात मी दर रविवारी दहावीच्या मुलींना विज्ञान शिकवायला जाते. शिकवून झालं की तिथेच मेसमध्ये दोन भाकरी खाते आणि घरी येते. शाळेतून निवृत्त झाल्यापासूनचा, म्हणजे अठरा वर्षांचा हा क्रम. या अठरा वर्षांत रविवारची भाकरी मी दुसऱ्या कुणाच्या हातची खाल्ली नव्हती.

तव्यापाशी रेणुका उभी होती. ही बायनाबाईच्या हाताखालची, वाटूरची, चोविसेक वर्षांची. एरवी भाज्या चिरायची आणि वाढायची. आज घामाघूम झाली होती आणि एक भाकरी थापताना दुसरी करपवत होती.

"बायनाबाई कुठंय?" मी विचारलं.

रेणुकानं आधी दाराकडे पाहिलं. "काढलं त्यायला, बाई."

"काढलं म्हणजे? का?"

"पॉझिटिव्ह निघाल्या." शब्द इतक्या हळू उच्चारला, जणू मोठ्यानं म्हटलं तर तिलाच चिकटेल.

"कशात पॉझिटिव्ह?"

"ते न्हाई माहीत. काविळीचं रगत घेतल्तं न सगळ्यायचं, त्याच्यात. फळ्यावर लिवलंय बघा."

मी ताट तसंच ठेवून उठले. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर संगणकावर छापलेला कागद होता. 'सर्व पालकांना कळविण्यात येते की, कावीळ तपासणीत स्वयंपाकीण बायनाबाई यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याने त्यांना तत्काळ कामावरून कमी करण्यात आले आहे. इतर कर्मचाऱ्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह आहेत. पालकांनी निश्चिंत राहावे.' खाली संस्थेचा शिक्का. आणि त्याच फळ्याच्या वर, गेली दोन-तीन वर्षं लावलेलं सूर्यफुलांचं चित्र. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: 'नेहमी पॉझिटिव्ह राहा!'

माझं डोकं तिथेच फिरलं.

झालं होतं असं, की महिन्याभरापूर्वी वसतिगृहातल्या सात मुलींना कावीळ झाली. पाण्यातून, अन्नातून पसरते ती, हिपॅटायटिस ए. मुली घरी गेल्या, बऱ्याही होत आल्या. पण पालकांनी गोंधळ घातला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं ठरलं. एवढं मला ठाऊक होतं. ज्या बाईनं मुलींना हात धुवायला लावण्यात आयुष्य घातलं तिचंच नाव शिक्क्यासकट फळ्यावर चढेल, हे मात्र माझ्या स्वप्नातही नव्हतं.

कारण बायनाबाईची पद्धत अशी: भाकरीच्या रांगेत प्रत्येक मुलीनं आधी हात दाखवायचे. आधी तळवे, मग उलटे, मग नखं. "हात दाखव," एवढे दोनच शब्द. हात ओले नसतील तर भाकरी नाही. साबणाचा वास नसेल तर भाकरी नाही. कलेक्टरची मुलगी असो नाही तर ऊसतोडीवर गेलेल्या आईबापांची, कायदा एक. एकदा मीच खडूचे हात घेऊन रांगेत उभी राहिले, तर माझ्यासमोरही तोंड वर न करता म्हणाली, "हात दाखवा." मी मुकाट नळावर गेले. ऐंशी मुलींच्या भाकरी ती दोन तव्यांवर एकटी करायची आणि कुणाला दीड लागते, कुणाची आई वारल्यापासून अर्धीवर आलीय, हे तिला पाठ होतं. लिहिता-वाचता येत नाही. शिव्या मात्र अशा मोजून द्यायची, की मुली पुढे नोकऱ्यांना लागल्यावर तिच्या शिव्या आठवून भेटायला यायच्या.

मी पायऱ्या उतरले आणि तशीच जुन्या जालन्याला रिक्षा केली.

अडत दुकानांच्या मागच्या बोळात बायनाबाईची दोन खोल्यांची जागा आहे. मुलगा अंगद रिक्षा चालवतो, सून शिवकन्या घरी शिलाई करते. बायनाबाई बाहेर उंबऱ्याशी पोत्यावर बसलेली. शेजारी एक ताट, एक तांब्या, एक वाटी, वेगळी काढलेली. मी पायरी चढायला लागले तर हात वर करून म्हणाली, "आत न्हका येऊ बाई. तिथूनच बोला."

"का? कुत्रं आहे का आत?"

"हसून न्हका राहू. मला रोग निघाला."

"कुणी सांगितलं?"

"साहेबानं. समद्यायसमोर सांगितलं न. मी तव्यावर भाकरी टाकल्ती, तर म्हन्ले, बायनाबाई, आहे तशी ठेवा अन् भाईर व्हा. ती भाकरी बी फेकून देली." तिनं खाली पाहिलं. "एकोणीस वर्षांत माझ्या हातची भाकरी कोणी फेकली न्हवती, बाई."

आतून शिवकन्या म्हणाली, "आम्ही न्हाई म्हन्लो वेगळं बसा. त्यायनीच ताट घेतलं उचलून."

"मंग काय करू? लेकरं हायेत घरात." बायनाबाई म्हणाली. "चार दिस झाले, मीठ न्हाई, तेल न्हाई, निस्ती लाही खाऊन राह्यले. बघू उतरतं का."

"रिपोर्ट कुठंय तुझा?"

रेशनकार्डाच्या पिशवीतून तिनं कागद काढला आणि माझ्या हातात न देता पायरीवर ठेवला. मी उचलला. त्या ठेवण्याचा मला जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

कागद इंग्रजीत. दोन ओळी. पहिली तपासणी आयजीएम: सध्या शरीरात रोग आहे का ते सांगणारी. त्यापुढे साध्या अक्षरात 'नाही', म्हणजे निगेटिव्ह. दुसरी आयजीजी: रोग पूर्वी कधीतरी होऊन गेला आणि त्याच्याशी लढण्याची ताकद रक्तात शिल्लक आहे का, ते सांगणारी. त्यापुढे जाड, काळ्याभोर अक्षरात 'आहे', म्हणजे पॉझिटिव्ह, आणि शेजारी फुली. झालं! लॅबच्या संगणकाला 'नाही' हेच बरोबर असं शिकवून ठेवलेलं. त्यामुळे जे काही 'आहे' ते सगळं त्याच्या लेखी वाईट. मग तो रोग असो की रोगावरची मात. मागच्या पानावर बारीक अक्षरात स्वच्छ छापलं होतं, की ही दुसरी तपासणी 'आहे' आली तर त्या माणसाला या आजारापासून संरक्षण आहे. पण पान उलटायचे कष्ट कोण घेणार!

मी पायरी चढून सरळ तिच्या पोत्यावर जाऊन बसले. ती सरकली, मीही सरकले.

"बायनाबाई, नीट ऐक. तुला रोग नाही. तुला तो लहानपणी कधीतरी होऊन गेलाय. आता तुझ्या रक्तात त्याला मारायची ताकद आहे. तुला तो पुन्हा व्हायचा नाही आणि तुझ्यापासून कुणाला लागायचा नाही. त्या स्वयंपाकघरात सगळ्यात निर्धोक हात कुणाचे असतील तर ते तुझे."

 मग तिनं एकच प्रश्न विचारला. "मंग काढलं कामून?"

तीस वर्षं मी वर्गात उत्तरं दिली. याचं उत्तर मी साहेबाकडूनच घेणार होते.

"लहानपणी पिवळी झाली होतीस का कधी?" मी विचारलं.

तिनं डाव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या. मनगटाच्या आतल्या बाजूला चार गोल, चकचकीत व्रण. मी ते हात अठरा वर्षं बघत होते आणि बांगड्यांखाली काय आहे हे कधी पाहिलं नव्हतं.

"आमचं बिऱ्हाड मेंढरायमागं फिरायचं," ती म्हणाली. "केदारखेड्याच्या अंगाला, नदीकाठी तळ होता. मी असंन पाच-सहा वर्षांची. डोळे हळदीवाणी झाल्ते. मंग बापानं दाभण तापवलं अन् आईनं पाय धरले."

मी दात-ओठ खाल्ले. पाच वर्षांच्या पोरीला तापलेलं दाभण! त्यानं कावीळ जात नाही; ती जाते आपोआप, आणि श्रेय दाभणाला मिळतं. हे तिला ऐकवून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. "त्या वक्ताला लॅब न्हवती, बाई," एवढंच म्हणाली. ते टोमण्यासारखं लागलं, पण टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुकुलसमोर जाऊन बसले. मुकुल संस्थेचा सचिव, म्हणजे बायनाबाईचा साहेब. माझ्या मैत्रिणीचा मुलगा, पुण्याला जाऊन व्यवस्थापन शिकून आलेला. वागायला गोड. चिडलेल्या माणसाला आधी चहा पाजायचा, हे शिकून आलेला.

"मावशी, चहा?"

"नको. हा रिपोर्ट तू वाचलास?"

"वाचला ना. पॉझिटिव्ह आहे."

"मागचं पान वाचलंस?"

"मागे काय असतं, त्यांच्या अटी-बिटी असतात."

मी वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं, पुन्हा सांगितलं. त्याचा चेहरा जरासा पडला. "पण मावशी, ही तपासणी मी नाही ठरवली. आपल्या वसतिगृहाच्या डॉक्टर चिन्मयींनी लिहून दिली होती." त्यानं खणातून चिठ्ठी काढली. मी ती ओढूनच घेतली. आणि मग मात्र माझा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला असणार.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट लिहिलं होतं: सगळ्या कर्मचाऱ्यांची प्रतिकारशक्ती तपासा. ज्यांना ती आहे त्यांनाच तूर्त अन्नाला हात लावू द्या. ज्यांना नाही त्यांना आठवड्याच्या आत लस द्या. शेवटी, खाली रेघ मारून: हौदाच्या पाण्याची तपासणी करून घ्या.

"म्हणजे जिला ठेवायला सांगितलं तिला तू हाकललंस! आणि जिला धोका आहे त्या रेणुकाला तव्यापुढे उभं केलंस, लस न देता! मोठ्या वयात ही कावीळ मुलींपेक्षा जड जाते, कळतं का तुला?"

"मला वाटलं, निगेटिव्ह म्हणजे..."

"आणि हौदाचं पाणी? ते तपासलंस?"

"टँकरवाला म्हणतो पाणी चांगलंय."

"टँकरवाल्यालाच डॉक्टर कर मग! ऐंशी मुली ज्या हौदाचं पाणी पितात तो तसाच, आणि रक्त काढलंस चार बायकांचं. कारण हौद पालकांना दाखवता येत नाही, बाई दाखवता येते!"

मुकुलनं पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "मावशी, तुम्ही म्हणता ते शास्त्र बरोबर असेल. पण पालकांना हे आयजीजी-आयजीएम कोण समजावणार? कोरोनापासून लोकांना एकच शब्द कळतो. पॉझिटिव्ह म्हटलं की लोक दहा पावलं मागे. मी बायनाबाईंना आज सकाळीच फोन केलाय. महिन्याभरानं पुन्हा टेस्ट करा म्हटलं. निगेटिव्ह आली की दुसऱ्या दिवशी कामावर. लेखी देतो हवं तर."

"अरे, ती कधीच निगेटिव्ह येणार नाही! ही ताकद एकदा आली की जन्मभर राहते. तू तिला म्हणतोयस, आधी दुबळी हो, मग कामावर ये!"

"मग जरा अवघड आहे," मुकुल म्हणाला. खरोखरच वाईट वाटल्यासारखं म्हणाला. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. ज्याला भांडणच नकोय, फक्त शांतता हवीय, त्याच्याशी काय भांडायचं?

मी जुन्या जालन्याला पोचले तोवर उशीर झाला होता. शिवकन्या मशीनवर होती. पोतं उंबऱ्यावर तसंच. वर कुणी नाही.

"केदारखेड्याला गेल्या," ती म्हणाली. "साहेबाचा फोन आल्ता, निगेटिव्ह होऊन या म्हणून. तिथं कचरूबाबा हायेत, कावीळ उतरवतेत. माळ घालतेत, नाकात कडू दोडक्याचं पाणी सोडतेत."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"बाई, तुमी म्हन्ल्या रोग न्हाई. साहेब म्हन्ले रोग हाय. पगार कोण देतं?"

 नाकात कडू दोडक्याचं पाणी म्हणजे काय, हे मी माझ्या नात्यातल्या एका माणसाला डॉक्टरांनी आठवडाभर दवाखान्यात ठेवलं तेव्हा पाहिलं होतं. आणि ही धडधाकट बाई, जिच्या रक्तात काही वाईट नव्हतं, ती आपल्या अंगातली चांगली गोष्ट काढून टाकायला गावोगाव निघाली होती. का? एका पदवीधराला कागदाचं पान उलटता येत नव्हतं म्हणून. त्या दिवशी मी घरी जेवले नाही. कुणावर रागावून, ते मलाच कळेना.

दोन दिवसांनी बायनाबाई माझ्याच दारात. चेहरा वेगळा. नाक लाल नाही, गळ्यात माळ नाही. आणि आज ती पायरीशी थांबली नाही. सरळ आत आली आणि खुर्ची ओढून बसली. माझ्या घरी ती खुर्चीवर बसली, ती पहिल्यांदा.

"दोडका घातला का नाकात?" मी ओरडलेच.

"ऐका तर. जल्दी न्हका करू." तिनं पाणी मागितलं, प्याली. "कचरूबाबा आता लई म्हातारे झाले. माझ्या बापाला वळखायचे. मी म्हन्लं, बाबा, कावीळ उतरवा, नोकरी जाऊन राह्यली. त्यायनी डोळे पाह्यले, नखं पाह्यली. मंग हात धरला तर बांगड्या वर गेल्या. डाग पाह्यला अन् हात झटकून देला माझा. म्हन्ले, येडी हायेस का बायने? तुझा तर डाग हाय. डागवालीची काय उतरवू?"

"म्हणजे?"

"म्हन्ले, आपल्या तळावर पिवळी आली की चूल कोणाकडं देत होतो? डागवालीकडं. पाणी कोण भरायचं? डागवाली. आजाऱ्याला भाकरी कोण द्यायचं? डागवाली. बाकीच्या बायकायला चुलीपाशी येऊ देत न्हवतो. कामून? तर डागवालीला पुन्हा होत न्हाई अन् तिच्या हातून दुसऱ्याला जात न्हाई. हे तुला ठाव न्हाई? अन् मला एकदम आठवलं बाई, माझी चुलती असंच करायची. समदा तळ पिवळा अन् चुलती एकटी भाकरी करून राह्यली." ती पुढे वाकली. "मंग तुमचा साहेब उलटं कामून करून राह्यला?"

मी पुन्हा सांगितलं, की डागानं काही होत नाही. डाग ही फक्त खूण, खरी ताकद होऊन गेलेल्या आजाराची. शिवाय काविळीच्या जाती अनेक असतात आणि सगळ्यांना हा नियम लागू नाही, म्हणून तर रक्त बघायचं असतं. ती म्हणाली, "तेच न! रगत बी तेच म्हणून राह्यलं, डाग बी तेच, कचरूबाबा बी तेच. एकटा साहेब वेगळा."

 डॉक्टर चिन्मयींच्या चिठ्ठीत आणि मेंढरांच्या तळावरच्या चुलीत एकच अक्कल होती. अधल्यामधल्या ऑफिसात तेवढी ती नव्हती.

मी तिला घेऊन डॉक्टर चिन्मयींकडे गेले. वयानं लहान, पण हिशेबी बाई नाही, कामाची बाई. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आमच्यासमोरच मुकुलला फोन लावला. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझ्या चिठ्ठीच्या बरोबर उलटं केलंत, हे मी लेखी कळवू की तुम्ही दुरुस्त करता?" दुसऱ्या दिवशी रेणुकाला आणि बाकीच्यांना लस मिळाली. हौदावरची फरशी उचलली तर न्हाणीघराच्या गटाराची भिंत आणि हौदाची भिंत एकच, आणि तिला बोट जाईल अशी चीर. पाण्याचा निकाल आला तो इथे लिहीत नाही. जेवण व्हायचं असेल कुणाचं. हौद उपसला, चीर बुजवली, पाणी उकळायचं मोठं पातेलं आलं. सात मुली पिवळ्या व्हायच्या आधी हे झालं असतं तर मी हा लेख लिहायला बसलेच नसते.

राहिली बायनाबाई. मुकुलनं तिला ऑफिसात बोलावलं. मी सोबत होतेच.

"बायनाबाई, झालं गेलं विसरून जा," तो म्हणाला. "उद्यापासून या. मी फळ्यावर नवी नोटीस लावतो." त्यानं कागद पुढे केला. मी वाचला आणि माझी कानशिलं तापली. 'स्वयंपाकीण बायनाबाई यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आल्याने...'

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"मावशी, सोयीचं आहे. एका शब्दात सगळं मिटतं. पालक खूश, बाई खूश. कुणाचं नुकसान?"

बायनाबाईनं मला विचारलं, "काय लिवलंय?" मी सांगितलं. तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि उलटून मागची बाजू पाहिली. मला भीती वाटली, की हो म्हणेल. आणि म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता. उद्यापासून तवा तिचा झाला असता.

"न्हाई," ती म्हणाली. "साहेब, आज निगेटिव्ह लिवसान. उद्या पुन्हा कोणी रगत काढंल, पुन्हा ते पॉझिटिव्हच म्हणंल. मंग मी चोर बी ठरंन अन् लबाड बी. मी पॉझिटिव्ह हाय. तसंच लिवा. अन् कामून हाय, ते बी लिवा. नाव घालून काढलं, नाव घालून घ्या."

मुकुलनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी त्यानं कागद फाडला आणि मी सांगितला तसा मजकूर लिहिला: बायनाबाईंना हा आजार पूर्वी होऊन गेलेला आहे, त्यांच्या रक्तात त्याची प्रतिकारशक्ती आहे, त्यांना कामावरून काढण्यात संस्थेची चूक झाली. 'चूक' या शब्दापाशी त्याचं पेन अडलं. 'गैरसमज' लिहू का म्हणाला. मी म्हटलं, चूक लिही. लिहिली.

रविवारी मी नेहमीसारखी शिकवायला गेले. फळ्यावर कागद होता, शिक्क्यासकट. मेसमध्ये दोन्ही तवे तापलेले. रेणुका कांदा चिरत होती आणि रांगेतल्या प्रत्येक मुलीला ते दोन शब्द ऐकू येत होते. मुली हात पुढे करत होत्या, उलटे करत होत्या. पालकांच्या भेटीचा दिवस होता. आठ-दहा आई-बाप मुलींसोबत जेवायला बसले होते.

त्यातले एक गृहस्थ, पांढरा सदरा, भाकरी संपवून दुसरी घ्यायला तव्यापाशी आले. "बरं झालं मावशी," ते मोकळेपणानं म्हणाले. "निगेटिव्ह आलात. आमच्या जिवाला घोर लागला होता."

थापणारे हात थांबले. "कोण म्हन्लं निगेटिव्ह?"

"हे काय, ग्रुपवर आलंय न." त्यांनी मोबाइल पुढे धरला. बायनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी वाचलं. पालकांच्या ग्रुपवर मुकुलनं शुक्रवारी टाकलेला संदेश. फळ्यावर खरं, कारण फळा मी बघणार. ग्रुपवर सोयीचं, कारण ग्रुपमध्ये मी नाही.

"निगेटिव्हच लिहिलंय," मी म्हणाले.

बायनाबाईनं एक तवा बंद केला. दुसराही बंद केला. परातीतल्या पिठावर ओलं फडकं टाकलं. रांगेत पन्नास मुली, हातात ताटं. पीठ लागलेल्या हातांनी ती मेसच्या दारात जाऊन उभी राहिली आणि समोरच्या ऑफिसकडे बघून तिनं हाक मारली, जशी माळावर मेंढरं वळवायला मारतात तशी.

"साहेब! या इकडं. भाकरी थांबली!"

मुकुल आला. पालक दिसले तसं त्यानं हसायला सुरुवात केली.

"मोबाइल काढा," बायनाबाई म्हणाली. "जे फळ्यावर लिवलं ते बराबर तसंच त्याच्यात लिवा. अन् वाचून दाखवा. तवर तवा पेटत न्हाई."

"बायनाबाई, मुली भुकेल्या आहेत..."

"व्हय. तुमच्यामुळंच."

रांगेतून एक मुलगी खुदकन हसली. मग दुसरी. मुकुलनं मोबाइल काढला. माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी त्याला ऱ्हस्व-दीर्घ सांगितले, बाकी काही नाही. त्यानं लिहिलं, मोठ्यानं वाचलं, 'चूक' या शब्दासकट, आणि पाठवलं. मेसमध्ये एकामागून एक मोबाइल वाजले. आई-बाप वाचू लागले. बायनाबाईनं काडी ओढली, तवा पेटवला आणि फडकं उचलून गोळा हातात घेतला.

पांढऱ्या सदऱ्यातल्या गृहस्थांनी संदेश दोनदा वाचला. पहिली भाकरी पोटात गेली होती; दुसरी घ्यावी की कसं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग बायनाबाईच्या मनगटावर वर सरकलेल्या बांगड्या पाहिल्या, त्याखालचे चार व्रण पाहिले. "म्हणजे... पॉझिटिव्ह आहे तर," ते म्हणाले. "मंग खायला चालतं ना?"

बायनाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. वर पाण्याचा हात फिरवला. मान वर केली नाही.

"हात दाखवा," ती म्हणाली. "मोबाइल खाली ठेवा आधी. हां. आता उलटे करा."